एक पान शुद्धलेखन : घरच्या शिकवणीतून काय उरते?

मराठी घरात ‘शुद्धलेखन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात तो नियमांचा संच आहे. घरात मात्र तो रोजच्या एका पानाचा हिशेब आहे. पाठ्यपुस्तकातील एक पान जसेच्या तसे वहीत उतरवायचे, वर तारीख घालायची, की शुद्धलेखन झाले. “शुद्धलेखन झाले का रे?” असे आई विचारते तेव्हा ‘फूल’ दीर्घ आणि ‘फुले’ ऱ्हस्व का, हे तुला उमगले का, असे तिला विचारायचे नसते, पान भरले का, एवढेच विचारायचे असते. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांत हे पान संध्याकाळच्या जपमाळेपूर्वी भरले जाते. त्याने अक्षराला वळण लागते, हात बसतो, मूल अर्धा तास एका जागी स्थिरावते. हे सारे चांगलेच आहे. प्रश्न आहे तो ज्याचे लेखन मुळातच कच्चे आहे अशा मुलाचा. त्याला शाळेतून ‘घरी लिहून घ्या’ असा निरोप येतो आणि त्याच्यासाठी एका पानाची दोन पाने, दोहोंची चार होतात. अशा मुलाच्या हाती वीस वर्षांनी या पानांतून काय उरते, हे पाहण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या पानाविषयीच. उतरवून काढणे हे डोळ्यांनी आणि हाताने करायचे काम आहे. त्यात मनाला सुट्टी असते. लेखनात कच्चे असलेले मूल शब्द पाहून लिहीत नाही, अक्षर पाहून अक्षर लिहिते. पुस्तकाकडे एकदा, वहीकडे एकदा, पुन्हा पुस्तकाकडे. ‘परीक्षा’ हा शब्द त्याने चार पानांत सहा वेळा बिनचूक उतरवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी निबंधात तो ‘परिक्षा’ म्हणून अवतरतो. आई कपाळावर हात मारून घेते. वास्तविक मुलाने निष्काळजीपणा केलेला नसतो. उतरवताना तो शब्द त्याच्या मनात शिरलाच नव्हता, तर आठवणार कोठून? चुकलेला शब्द दहा वेळा लिहिण्याची शिक्षा याच जातीची आहे. पहिल्या दोन वेळा मूल शब्द लिहिते. नंतर आधी दहा वेळा ‘प’, मग दहा वेळा ‘री’, असे उभे रकाने भरत जाते. हे ज्याने पाहिले नाही असा शिक्षक विरळा.

आपण इंग्रजी स्पेलिंगच्या धाकात वाढलेली माणसे आहोत. म्हणून मराठीचे लेखनही तसेच अथांग पाठांतराचे प्रकरण असावे, अशी आपली समजूत होऊन बसते. ती चुकीची आहे, आणि घरी शिकवणाऱ्या आईला हे कोणी तरी सांगायला हवे. इंग्रजीत ऐकलेल्या आवाजावरून शब्दातील अक्षरांचा भरवसा देता येत नाही. मराठीत मात्र पुष्कळसा देता येतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम ठरवले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली आणि शासनानेही ते मान्य केले. एकूण अठरा. (ज्या १९६२ साली हे नियम झाले त्याच साली व्हॅटिकनची दुसरी विश्वपरिषद सुरू झाली. मिस्साची भाषा लॅटिनची मराठी होण्याचा मार्ग ज्या काळात मोकळा झाला, त्याच काळात ती मराठी कशी लिहायची हेही ठरत होते. निव्वळ योगायोग, पण आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा असा.)

या अठरांतले दोन-तीनच मुलाच्या रोजच्या चुकांपैकी मोठा वाटा उचलतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, मती, गुरू, प्रभू, मुक्ती. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे थोडे शब्द अपवाद. तोच शब्द समासात पुढे गेला की मुळातला ऱ्हस्व परत येतो: प्रभू पण प्रभुकृपा, मुक्ती पण मुक्तिदाता, भक्ती पण भक्तिगीत, शांती पण शांतिदूत. गीतांच्या वह्यांतून आणि चर्चच्या फलकांवरून या जोड्यांची जी गल्लत होते ती पाहिली की हा एक नियम सोदाहरण शिकवायला उपासनेच्या पुस्तकाइतके सोयीचे पुस्तक नाही, असे वाटते. दुसरा नियम कानाला ऐकू येणारा आहे. ‘फूल’ म्हणताना जीभ थांबते, ‘फुलाला’ म्हणताना थांबत नाही. गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, सून–सुनेला. मुलाला हे मोठ्याने म्हणायला लावले तर तो नियम त्याचा त्यालाच सापडतो. मग उरतात संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. मंदिर, मधुर, गुण, परीक्षा, पूजा हे या कानाच्या नियमाला जुमानत नाहीत. ते स्मरणातच ठेवावे लागतात. पण त्यांतले मुलाला रोज लागणारे किती? शंभर-दोनशे. म्हणजे काम मोजके आहे, संपणारे आहे. एका पानाच्या रोजच्या रतिबात हे मोजकेपण कोठे तरी हरवून जाते आणि मुलाला वाटते की आपल्यापुढे समुद्र आहे.

जोडाक्षरांची अडचण निराळी. ‘आशीर्वाद’ हा शब्द लग्नपत्रिकांवर ‘आर्शिवाद’ असा इतक्या वेळा छापला गेला आहे की बरोबर लिहिलेलाच चुकीचा वाटावा. येथे रफार कोणत्या अक्षरावर बसतो हे डोळ्यांना दिसते, पण त्याचा उच्चार कोणत्या अक्षराआधी होतो हे कोणी सांगितलेले नसते. आ–शीर्–वाद असे तीन तुकडे पाडून एकदा म्हटले की झाले.

आणि बोलीची चूक ही तर लेखनातली चूकच नव्हे. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात आगरी घरातले मूल ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणते, कारण त्याच्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या जागी ‘न’ आणि ‘ल’ येतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या मुलांचे तर घरातले पुष्कळसे शब्दच निराळे. त्यांना शाळेचे मराठी ही शेजारची भाषा म्हणून शिकावी लागते. ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाने कानाचे इमानाने ऐकले आहे. त्याच्या वहीतली ही लाल खूण आणि ‘परिक्षा’वरची लाल खूण एकाच रंगाची असते, हा मोठा अन्याय आहे. शिक्षकांना फुरसत नसते हे मान्य. पण घरी शिकवणाऱ्याला तरी हा भेद करता यावा.

येथे थोडे मागे वळून पाहण्यासारखे आहे. वेलांटीचा एवढा धाक मराठी माणसाला पूर्वी नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले दप्तर, जमिनीचे कागद, घरची पत्रे मोडीत लिहिली जात; आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. मुनीम, कुलकर्णी, कारकून यांच्या कित्येक पिढ्या वेलांटीच्या चिंतेवाचून हजारो कागद लिहून गेल्या. बाळबोध अक्षर छापखान्यात गेले, शाळेत आले, आणि त्याबरोबर भेद आला. मोडी गेल्याचे मला दुःख नाही. पण ज्या भेदावरून आज एखाद्या मुलाला ‘ढ’ ठरवले जाते, तो भेद त्याच्या खापरपणज्याला लिहिताना कधी आडवा आलाच नव्हता, हे आईवडिलांनी जाणले तर त्यांचा आवाज थोडा खाली येईल. शुद्धतेच्या कल्पनाही बदलतात. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या पुस्तकाच्या नावात ‘कांहीं’ हा शब्द दोन अनुस्वार मिरवत होता, आणि तेव्हा तेच शुद्ध होते. १९६२ नंतर तेच अनुस्वार अशुद्ध झाले.

घरी शिकवायचे तर हाताशी पुस्तक कोणते? मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ हे जुने, विश्वासाचे पुस्तक. नियम, उदाहरणे, अपवाद, सराव अशी त्याची मांडणी. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला ते उत्तम. परंतु चौथी-सातवी शिकलेल्या आईच्या हाती ते दिले तर ‘तत्सम’, ‘उपान्त्य’, ‘सामान्यरूप’ या उंबरठ्यांवरच ती अडखळते. पुस्तकाचा हा दोष नव्हे. ते तिच्यासाठी लिहिलेलेच नाही. अरुण फडके यांनी ठाण्यातून जे काम उभे केले त्याची दिशा उलटी होती. २००१ सालचा त्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि त्यामागून आलेले ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ यांत नियमापेक्षा शब्द पुढे उभा आहे. शब्द अकारविल्हे शोधा, त्याचे रूप पाहा, विभक्ती लागल्यावर तो कसा होतो तेही पाहा. २०२० मध्ये ते गेले. मराठीवर त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही कच्च्या लेखकाच्या दृष्टीने या मांडणीत एक अडचण राहतेच. कोश उघडतो तो, ज्याला शंका येते. कच्च्या मुलाचे दुखणे असे की त्याला शंका येत नाही. आणि एकदा यायला लागली की प्रत्येक शब्दावर येते. दोन्ही अवस्थांत खिशातले पुस्तक खिशातच राहते. मोबाइलवर लिहिताना शब्द सुचवणाऱ्या सोयींचेही तसेच. चार पर्यायांतला बरोबर कोणता हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच त्या उपयोगी.

आता दीर्घकाळाच्या फळाकडे वळू. पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचा पाठपुरावा झाला आहे. मार्गारेट रॉसन या बाईंनी पेनसिल्व्हेनियातील रोझ व्हॅलीच्या एका लहान शाळेतील ५६ मुलगे मोठे झाल्यावर काय करतात याचा मागोवा घेऊन १९६८ साली पुस्तक लिहिले. त्यांतल्या वीस मुलांना लिहिण्यावाचण्याची मोठी अडचण होती आणि त्यांना पद्धतशीर शिकवण मिळाली होती. ही मुले पुढे डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. इतरांच्या मागे पडली नाहीत. सुस्थित घरांतली, तल्लख मुले होती ती, हे विसरू नये. स्टीव्ह ग्रॅहम आणि तान्या सान्तान्जेलो यांनी २०१४ मध्ये ५३ अभ्यासांतील ६,०३७ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. त्यांना आढळले ते असे की स्पेलिंग नीट समजावून शिकवले तर ते सुधारते, सुधारणा काही काळ टिकते आणि वाचनालाही तिचा हात लागतो. नुसते ‘वाचता वाचता येईल’ म्हणून सोडून देण्यापेक्षा हे बरे. मात्र मोठेपणी वाचन सुधारलेल्या माणसाचेही लेखन अडखळतच राहते, हा अनुभव या क्षेत्रात जवळपास सर्वमान्य आहे. म्हणजे शिकवण्याने फरक पडतो; पण तो अडखळ पुसून टाकण्याइतका नेहमीच पडत नाही.

ही झाली शाळांची आणि इंग्रजीची गोष्ट. घरच्या शिकवणीचा हिशेब वहीत राहत नाही. मराठीत तो शोधायचा तर आत्मचरित्रांत शोधावा लागतो, आणि तेथे तो भरपूर आहे. एका काळी मराठी स्त्रीचे सारे शिक्षण घरातच झाले, तेही बहुधा लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली.

रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या असताना १८७३ साली न्यायमूर्तींच्या घरी आल्या. अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी शिकवायला आरंभ केला तो लगेच, आणि शिकवत राहिले ते सातत्याने. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, अबोला धरला. शिकवणी थांबली नाही. मराठी झाली, मग इंग्रजी झाली. शिकवणारा माणूस स्वभावानेच नियमित, संयमी. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक वाचताना तो नियमितपणा गद्यात उतरल्यासारखा वाटतो. वाक्ये पायरीपायरीने चढतात, भावना आवरून धरलेली, प्रसंग क्रमाने. शिकवण्याची रीत लिहिण्याच्या रीतीत उतरते असे माझे मत आहे, आणि रमाबाई त्याचे पहिले उदाहरण.

लक्ष्मीबाई टिळक दुसरे, आणि अधिक बोलके. लग्नाच्या वेळी त्याही अकरा वर्षांच्या. शिकवणारे नारायण वामन टिळक म्हणजे रानड्यांचे दुसरे टोक. आज एका नोकरीत, उद्या दुसऱ्या गावी. आज उत्साहाचा पूर, उद्या संताप. धरसोड त्यांच्या रक्तातच होती, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ती पानोपानी भेटते. अशा गुरूची शिकवणी सलग होणे शक्य नव्हते. तुकड्यातुकड्यांनी, भांडणांच्या मधल्या वेळेत, बाईंनी अक्षर मिळवले. जोडाक्षरे त्यांना अखेरपर्यंत नीट साधली नाहीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आजच्या भाषेत बोलायचे तर हा अयशस्वी गृहपाठ होता. कोणत्याही परीक्षकाने त्या वहीला उत्तीर्णाचे गुण दिले नसते. आणि त्याच हातांनी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, जिच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत क्वचितच सापडेल. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायना’चे पहिले दहा अध्यायच हातावेगळे झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय या बाईंनी रचले.

येथे समीक्षकाला एक मोह होतो, आणि मी त्याला थोडा बळी पडणार आहे. ‘स्मृतिचित्रे’ची भाषा एवढी बोलती का? त्या काळच्या लेखिका संस्कृतप्रचुर, अलंकारिक लिहिण्याची धडपड करीत असताना लक्ष्मीबाई ओसरीवर बसून सांगावे तसे सांगतात. मला वाटते, जोडाक्षराच्या भीतीचा यात वाटा असावा. जो शब्द लिहिताना हात अडखळतो तो शब्द लेखक टाळतो आणि जवळचा, घरातला शब्द घेतो. त्यांच्या बाबतीत घरातला शब्दच अधिक चांगला ठरला. अर्थात हा तर्क ताणू नये. ‘ख्रिस्तायना’त विषयच असा आहे की जड शब्द आल्यावाचून राहत नाहीत, आणि ते आले आहेत. शिवाय तोच टाळण्याचा गुण सामान्य मुलाच्या बाबतीत शाप होतो. ‘परीक्षा’ लिहिता येत नाही म्हणून मूल ‘पेपर’ लिहिते, ‘आशीर्वाद’ टाळून ‘प्रेम’ लिहिते, आणि हळूहळू चार ओळींच्या निबंधात दहाच शब्द फिरू लागतात. लक्ष्मीबाईंकडे टाळलेल्या शब्दाच्या बदल्यात घेण्यासारखे शब्दांचे भांडार होते. ते माहेरच्या, सासरच्या, नाशिकच्या बोलण्यातून आले होते, वहीतून नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती जी आपण विसरतो. त्यांच्या हस्तलिखिताच्या आणि छापील पानाच्या मधे माणसे होती. आठवणी प्रथम ‘संजीवनी’त येऊ लागल्या, मुलगा देवदत्त जवळ होता, छापखाना होता. वेलांट्या त्या वाटेवर सुधारल्या गेल्या. लेखक आणि लेखनिक ही दोन कामे आहेत, हे त्या पिढीला ठाऊक होते. हा व्यवहार जुनाच, आणि पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्रही तेर्त्युसच्या हाताने लिहिले गेले, हे त्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातच नोंदवलेले आहे. आपणच ती दोन कामे एका मुलाच्या माथी एकाच वेळी मारतो: विचारही तूच कर, वेलांटीही तूच सांभाळ, आणि दोहोंचे गुण एकाच लाल पेनाने घे.

आता शेणव्याकडे. शेणवा, किन्हवली, डोळखांब, सरळगाव या पट्ट्यात घरच्या शिकवणीचे हाल वर्षाच्या चक्रावर अवलंबून असतात. आवणीच्या दिवसांत आई शेतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडी परततात. आश्रमशाळेतले मूल घरी येते ते सुट्टीपुरते. ‘रोज एक पान’ या योजनेतला ‘रोज’ हाच शब्द येथे टिकत नाही. या जिल्ह्याला घरी शिकवण्याची परंपरा मात्र मोठी आहे. तेव्हा पालघर निराळे झाले नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचे सूत्रच असे होते की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द तेथूनच आपल्याला मिळाला. अंगणात गेलेल्या त्या शाळेने मुलाच्या बोलीला आधी ऐकून घेतले. आपल्या घरोघरच्या शुद्धलेखनाने हे उचललेले नाही. अंगणातच बसून ते मुलाला शाळेचे पान उतरवायला लावते.

आजचे मोजमापही लेखनाकडे फारसे पाहत नाही. ‘असर’चा अहवाल २००५ पासून निघतो आणि ग्रामीण मुलांच्या शिक्षणावर त्याने डोळे उघडले हे खरे; पण तो प्रामुख्याने वाचन आणि अंकगणित तपासतो. मुलाला स्वतःचे चार ओळींचे म्हणणे कागदावर मांडता येते का, हे घरालाच पाहावे लागते.

या भागात वावरताना दोन तरुण माणसांच्या लेखनाशी माझा संबंध आला. त्यांची तुलना शास्त्र म्हणून नव्हे, एक वाचक म्हणून करतो. पहिला तिशीतला. लहानपणी लेखन कच्चे म्हणून वडील रोज चार पाने उतरवून घेत. पान चुकले की जेवण उशिरा. आज त्याचे अक्षर छापल्यासारखे आहे. वर्तमानपत्र वाचतो, हिशेब चोख ठेवतो. परंतु कार्यालयातल्या अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे दोन रिकाम्या ओळी आल्या की लेखणी बायकोकडे सरकवतो. दहावीनंतर स्वतःचे वाक्य म्हणून त्याने काही लिहिले असेल असे वाटत नाही. बारा वर्षांच्या शुद्धलेखनाने त्याला शुद्ध अक्षर दिले आणि लेखन काढून घेतले.

दुसरी अंगणवाडी सेविका. तिची आजी निरक्षर. आश्रमशाळेतून सुट्टीला आली की आजी तिला बाजाराची यादी लिहायला लावी, नातलगांना निरोप लिहायला लावी, रात्री गोष्ट सांगून “हे लिव्ह, नाय तं मी इसरंन” म्हणे. आजीला चूक दिसतच नसे. तिला मजकूर हवा असे, आणि वाचून दाखवल्यावर तो आपणच सांगितला तसा आहे की नाही एवढे ती पारखी. पुढे शाळेतल्या एका बाईंनी दर आठवड्याला तिच्याच लिहिलेल्या कागदातून चार-पाच शब्द निवडून तेवढेच तिला समजावून दिले, कानाला ऐकवून, तुकडे पाडून. आजही तिच्या वेलांट्या चुकतात, विशेषतः घाईत. पण रजिस्टर, अहवाल, तहसील कार्यालयाला अर्ज, वाडीतल्या बायकांची पत्रे, हे सारे ती लिहिते.

यावरून कोणी असा अर्थ काढील की वेलांटी महत्त्वाची नाही. तसे माझे म्हणणे नाही. नोकरीच्या अर्जावरची पहिलीच ओळ चुकली तर वाचणाऱ्याचे मत तेथेच बनते, आणि गरिबाच्या मुलाला ते परवडत नाही. शिकवायलाच हवे, पण क्रम उलटा हवा. आधी मुलाचा मजकूर, मग त्यातले मोजके शब्द, त्यांतही कानाला ऐकू येणारी चूक आधी आणि पाठांतराची नंतर. बोलीची चूक वेगळ्या रंगाने. एका पानाच्या जागी चार स्वतःच्या ओळी आणि पाच शब्द, आठवड्याने तेच शब्द न पाहता पुन्हा. वीस मिनिटांच्या वर नको. आणि एवढे करूनही वर्ष-दोन वर्षांत फरक दिसला नाही, वाचनही अडखळत असले, तर मुलाला आळशी न ठरवता तपासणीला न्यावे. १९९६ साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच सुमारास अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास राज्यात आरंभ झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस प्रकारांत स्थान दिले आहे. शहरातील कुटुंबे याचा लाभ घेतात. आमच्याकडे या सवलतीचे नाव ऐकलेले पालक थोडे, आणि तपासणीसाठी ठाणे-मुंबईपर्यंतच्या दोन-तीन फेऱ्या म्हणजे तितक्याच दिवसांची मजुरी. धर्मग्रामातील शिक्षक मंडळींनी आणि महिला मंडळांनी या फेऱ्यांचा भार उचलण्याचा विचार करावा. एका मुलामागे खर्च फार मोठा नाही.

त्या अंगणवाडी सेविकेने आजीच्या गोष्टींपैकी एक गेल्या पावसाळ्यात लिहून माझ्याकडे आणून दिली, तीन पाने, दोन्ही बाजूंनी. वेलांट्या आणि उकार सुधारायला मला वीसेक मिनिटे लागली. गोष्टीतला एकही शब्द बदलावा लागला नाही.